१९४६चं एरकूप घ्यावं का? 'लाइट स्पोर्टमध्ये बसतं' असं विकणारा म्हणतोय

ओहायोकर

नमस्कार मंडळी. इथे विमानवाले किती आहेत माहीत नाही, पण मागे ग्लायडिंगच्या धाग्यावर दोघंतिघं दिसले होते म्हणून विचारतो. आम्ही तिघं मित्र मिळून एक जुनं दोन सीटचं विमान घ्यायचं म्हणतोय. जवळच्या छोट्या एअरपोर्टवर एक एरकूप विकायला आहे, १९४६चं, मॉडेल ४१५-सी. तेच ते, मागे दोन उभ्या शेपट्या, पायाशी रडर पेडल नाहीत, नुसतं स्टिअरिंग फिरवून वळवायचं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात 'एलएसए एलिजिबल' (म्हणजे लाइट स्पोर्ट एअरक्राफ्टमध्ये बसणारं, स्पोर्ट पायलटला मेडिकलशिवाय ड्रायव्हिंग लायसन्सवर उडवता येणारं) लिहिलंय आणि त्याच जोरावर विकणारा भरपूर किंमत सांगतोय.

आमची अवस्था अशी: माझ्याकडे प्रायव्हेट पायलटचं लायसन्स आहे, मेडिकल (वैद्यकीय प्रमाणपत्र) २०१४ला संपलं, नंतर परत केलंच नाही, नाकारलं वगैरे काही नाही. बाकीचे दोघं आता स्पोर्ट पायलटचं शिकणार, त्यातल्या एकाला स्टेंट टाकलेली आहे. काल लॉगबुकं चाळली तर त्यात एक जुनी नोंद सापडली, ग्रॉस वेट (सगळं धरून जास्तीत जास्त चालणारं वजन) १४०० पौंड केल्याची, आणि पुढे काही वर्षांनी परत १२६० केल्याची. विकणारा म्हणतो परत कमी केलंय ना, मग झालं तर. शिवाय नवीन नियम आलाय आणि सगळंच बदललंय असंही कानावर आलं. कोणी नीट उलगडून सांगेल का?

---

टेलड्रॅगर

परत कमी केलं म्हणून "झालं तर" नाही होत भाऊ, इथेच लोक फसतात.

आधी जुना नियम सांगतो कारण जाहिरात त्याच्याच भाषेत लिहिलीये. १ सप्टेंबर २००४ पासून एफएएने (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने) स्पोर्ट पायलट आणि लाइट स्पोर्ट विमानं आणली. विमान कुठलं चालेल त्याची व्याख्या अशी: जमिनीवरून उडणारं असेल तर जास्तीत जास्त टेकऑफ वजन १३२० पौंड म्हणजे ६०० किलो, पाण्यावरचं असेल तर १४३० पौंड. सीटा दोनच. सरळ उडताना इंजिनाच्या पूर्ण कंटिन्युअस पॉवरवर वेग १२० नॉटच्या वर नको, फ्लॅप (पंखामागच्या खाली येणाऱ्या झडपा) न लावता स्टॉल, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान उचलायचं सोडतात तो वेग, ४५ नॉट किंवा कमी. इंजिन एकच आणि पिस्टनचं, चाकं आत न जाणारी, प्रॉपेलरची पाती हवेत असताना कोन बदलणारी नकोत. हे सगळं बघून वाटतं की जुनी चिल्लीपिल्ली विमानं सरसकट आत. तसं नव्हतं, कारण वाक्याच्या सुरवातीलाच एक पाचर मारलेली होती, की विमानाने मूळ सर्टिफिकेशन झाल्यापासून आजपर्यंत सतत या मर्यादा पाळलेल्या असल्या पाहिजेत. म्हणजे मधल्या काळात एक दिवस जरी ते कागदावर १४०० पौंडाचं झालं असेल तर ते कायमचं बाहेर, नंतर कितीही कमी करा. ४१५-डी तर कारखान्यातूनच १४००चं निघालं, ते कधीच बसत नव्हतं. आणि पुष्कळ ४१५-सी नंतर मालकांनी डीच्या स्पेसिफिकेशनवर नेली, एलिव्हेटर (शेपटीतली, नाक वरखाली करणारी फळी) वर किती जाईल ते कमी करून वगैरे. तुमचं त्यातलंच एक दिसतंय.

तेव्हा जाहिरात लिहिणारा २००४च्या नियमाप्रमाणे बोलत असेल तर ती जाहिरात चुकीची आहे. २०२५च्या नियमाप्रमाणे बोलत असेल तर त्याला फुशारकी मारण्यासारखं काही नाही. ते संध्याकाळी लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

---

मिरजेची_सून

मला विमानातलं ओ की ठो कळत नाही पण वाचायला मजा येतेय. एक भाबडा प्रश्न, तेच विमान, तेच इंजिन, तेच पंख, मग एकदा कागदावर आकडा वाढला म्हणून काय झालं? उडतं तर तसंच ना?

---

टेलड्रॅगर

मिरजेची_सून, भाबडा नाहीये, बरोब्बर प्रश्न आहे. उडतं तसंच. पण एफएएला भीती होती की लोक सेसना १५०चं वजन कागदावर १३२० करून आणतील आणि म्हणतील घ्या, झालं लाइट स्पोर्ट. १५०चं ग्रॉस १५०० ते १६००, उडायला निरुपद्रवी, पण वजनामुळे बाहेर. सेसना १२० आणि १४०, १४५० पौंड, बाहेर. लस्कम ८ए १२६०, आत. तेच लस्कम ८ई झालं की १४००, बाहेर. पायपर जे-३ कब १२२०, आत. एरोन्का चॅम्प ७एसी १२२०, आत, पण ७ईसी १४५० म्हणून बाहेर. टेलरक्राफ्ट बीसी-१२डी १२०० पौंड, आत. रेषा कुठेतरी ओढावी लागते हे कबूल, पण ती अशी ओढली की शिकाऊ माणसाला सगळ्यात सोपं असलेलं १५० बाहेर आणि शेपटीच्या चाकावरचं, वारा आडवा आला की भिरभिरणारं कब आत. यात सेफ्टीचं काय लॉजिक होतं ते मला वीस वर्षांत कळलेलं नाही.

---

गणितमास्तर

वजन का वाढवलं हे बघितलं तर मधल्या मालकाचा राग येणार नाही. समजा रिकामं एरकूप ८३० पौंडाचं आहे (रेडिओ, रंगाचे थर, आतली गादी असं करत करत कारखान्यातल्या आकड्यापेक्षा सगळीच जड झालेली असतात). १२६० वजा ८३० म्हणजे ४३०. टाक्या भरल्या की साधारण २३ गॅलन, गॅलनला ६ पौंड, म्हणजे १३८ गेले. उरले २९२ पौंड, म्हणजे १३२ किलो. दोन माणसं, दोघांच्या बॅगा, सगळं मिळून १३२ किलो! ओहायोकर, तुम्ही आणि तुमचा मित्र मिळून किती होता ते इथे लिहू नका पण वजनकाट्यावर एकदा बघा. १४०० ग्रॉस केलं की तेच १९६ किलो होतात. म्हणून लोकांनी कागद वाढवून घेतले आणि तेव्हा स्पोर्ट पायलट हा प्रकार कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

---

ओहायोकर

आम्ही दोघंच १६५ किलो आहोत 😅 म्हणजे फुल टाकीने जायचं असेल तर १४००चंच पाहिजे.

---

मोकळं_आभाळ

टेलड्रॅगरदादा मीटिंगमधून यायच्या आत नवीन नियमाचं मी लिहून टाकते, टेक्सासात असते, आमच्या एअरपोर्टवर गेले काही महिने दुसरा विषयच नाही.

नाव मोझॅक. जुलै २०२३मध्ये प्रस्ताव आला, २२ जुलै २०२५ला ऑशकॉशच्या एअरव्हेंचरमध्ये अंतिम नियम जाहीर झाला, पायलटांचा भाग २२ ऑक्टोबर २०२५ पासून लागू. नवीन विमानांना लाइट स्पोर्टचं सर्टिफिकेट कसं द्यायचं त्याचा भाग वेगळा, त्याची तारीख २४ जुलै २०२६. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आधी डोक्यात घट्ट बसवा, अर्धे वाद तिथेच मिटतात. पायलट काय उडवू शकतो हा एक प्रश्न, विमान कुठल्या कॅटेगरीत जन्माला येतं हा दुसरा.

पायलटच्या बाजूने १३२० पौंड गेले. वजनाची अटच नाही आता. १२० नॉटची अट नाही. मुख्य अट एकच, फ्लॅप न लावता स्टॉल ५९ नॉट कॅलिब्रेटेड (म्हणजे काट्याची चूक दुरुस्त करून) किंवा त्याखाली, आणि तो पूर्ण ग्रॉस वजनाला. प्रस्तावात ५४ होते, ईएए आणि एओपीए या वैमानिकांच्या संघटना मागे लागल्या, आणि ते ५९ झाले. सीटा चारपर्यंत चालतात पण पॅसेंजर एकच न्यायचा. आत जाणारी चाकं, पाती फिरवता येणारा प्रॉपेलर, दोन्ही चालतं पण त्यासाठी इन्स्ट्रक्टरकडून ट्रेनिंग आणि लॉगबुकात सही. रात्रीचं पण चालतं, ट्रेनिंग हवं आणि नुसतं ड्रायव्हिंग लायसन्स पुरत नाही, बेसिकमेड (साध्या डॉक्टरकडची तपासणी आणि ऑनलाइन कोर्स) किंवा मेडिकल लागतं.

तर ओहायोकर, तुमचं एरकूप १२६०चं असो की १४००चं असो, स्टॉल ५९च्या कितीतरी खाली आहे. ५९ नॉट म्हणजे ताशी ६८ मैल. एरकूप त्या वेगाला आरामात उडत असतं.

---

टेलड्रॅगर

आलो. मोकळं_आभाळने सगळं लिहिलंच आहे. म्हणूनच मी म्हटलं फुशारकी मारण्यासारखं काही नाही. पूर्वी 'एलएसए एलिजिबल' या दोन शब्दांचे पैसे होते कारण मेडिकल गमावायची भीती असलेले सगळे म्हातारे वैमानिक त्याच मूठभर मॉडेलांवर तुटून पडत. आता सेसना १७२ पण चालतं, चेरोकी १४० पण चालतं. १५० तर चालतंच. ज्या कारणाने एरकूप-सी महाग होतं ते कारणच राहिलं नाही. विकणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

---

विदर्भवाला

म्हणजे १७२ मध्ये चार सीटा आणि दोघांनीच बसायचं? बायको पोरं घरी ठेवून कोण जाणार राव 😄

---

मोकळं_आभाळ

दोघांनीच. मागच्या सीटवर डबा ठेवा. मी पण आधी हसले होते, पण ज्याचं मेडिकल अडकलंय त्याला ती मागची सीट रिकामी ठेवायला काही वाटत नाही.

---

स्टेथोस्कोप

विमानं नाही, मेडिकलबद्दल लिहिते कारण स्टेंटचा उल्लेख आला. मी डॉक्टर आहे पण एफएएची एग्झामिनर नाही, आमचे हे उडवतात म्हणून सगळे फॉर्म मीच वाचते.

स्पोर्ट पायलटला दिवसा उडायला अमेरिकन ड्रायव्हिंग लायसन्स मेडिकलच्या जागी चालतं. पण, आणि हा पण फार मोठा आहे, तुम्ही शेवटचं जे एफएए मेडिकल मागितलं असेल ते नाकारलेलं नको, असलेलं रद्द किंवा सस्पेंड केलेलं नको. म्हणजे गंमत बघा, ज्याने आयुष्यात कधी मेडिकलचा अर्जच केला नाही त्याला दार उघडं, आणि ज्याने प्रामाणिकपणे जाऊन अर्ज केला आणि हृदयाच्या कारणाने नाही मिळालं त्याला ते दार बंद. म्हणून तुमच्या स्टेंटवाल्या मित्राला पहिला प्रश्न हा विचारा की कधी अर्ज केला होता का आणि त्याचं काय झालं. केला नसेल तर उगाच "बघू मिळतंय का" म्हणून फॉर्म भरायला जाऊ नका. आधी त्याच्या कार्डिऑलॉजिस्टशी बोला, कारण ड्रायव्हिंग लायसन्सवर उडणाऱ्याला पण नियम सांगतोच, की उडणं धोक्याचं होईल असा आजार स्वतःला माहीत असेल तर उडायचं नाही. तिथे तपासायला कोणी येत नाही, म्हणून जबाबदारी जास्त.

ओहायोकर, तुमचं तर सोपं आहे. तुमचं मेडिकल १४ जुलै २००६ नंतर कधीतरी वैध होतं, म्हणजे तुम्हाला बेसिकमेड पण करता येईल, साध्या फॅमिली डॉक्टरकडे तपासणी आणि एक ऑनलाइन कोर्स. मग एरकूप काय, मोठी विमानं पण, आणि एकापेक्षा जास्त पॅसेंजर पण.

---

ओहायोकर

स्टेथोस्कोपताई, धन्यवाद, हे कोणीच सांगितलं नव्हतं. मित्राला विचारलं, त्याने कधीच अर्ज केलेला नाही. डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतोय तो.

---

पाना_नंबर_१३

नियमांवर सगळे बोलले, आता लोखंडावर. सॉरी, ॲल्युमिनियमवर. मी मेकॅनिक आहे, ए अँड पी (एफएएचं लायसन्स असलेला), वीकेंडला जुन्याच विमानांवर काम करतो.

लोकांच्या डोक्यात एक गैरसमज इतका पक्का बसलाय की काढता काढता दमलो, की विमान लाइट स्पोर्टमध्ये बसतं म्हणजे त्याचा मेंटेनन्स स्वस्त. अजिबात नाही. कारखान्यात तयार होऊन येणारं नवीन एस-एलएसए (स्पेशल) वेगळं, ई-एलएसए (एक्स्पेरिमेंटल) वेगळं. ई-एलएसएचा मालक १६ तासांचा कोर्स करून स्वतःच्या विमानाचं वार्षिक इन्स्पेक्शन स्वतः करू शकतो. तुमचं १९४६चं एरकूप हे स्टँडर्ड कॅटेगरीचं होतं, आहे आणि राहणार, मोझॅकने त्यात काही फरक पडलेला नाही. दर वर्षी ॲन्युअल, ते आयए (वार्षिक इन्स्पेक्शनवर सही करायचा अधिकार) असलेल्या मेकॅनिककडूनच, आणि पार्ट बदलायचा तर मंजूर पार्ट. स्पोर्ट पायलट ते उडवू शकतो म्हणून विमानाची जात बदलत नाही. एलिजिबल आहे तो पायलट, विमान नाही.

आणि दुसरं, तिघांत १३२० की १४०० यावर रात्र घालवण्यापेक्षा सेंटर सेक्शनचा (पंखांच्या मधल्या भागाचा) स्पार, म्हणजे पंखाची मुख्य तुळई, उघडून बघा. ऐंशी वर्षांचं ॲल्युमिनियम आहे, आतल्या बाजूने गंज खातो आणि बाहेरून रंग चकाचक असतो. एरकूपला आणि लस्कमला हा रोग आहेच. चॅम्प घेतलंत तर पंखातला स्पार लाकडी, त्यात दाबाने पडलेल्या बारीक चिरा शोधायच्या. पायपर घेतलंत तर पंखाला आधार देणारे स्ट्रट, त्यावर एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (एफएएचा सक्तीचा सुरक्षा आदेश) आहे, दर २४ महिन्यांनी तपासणी, नाहीतर सीलबंद स्ट्रट बसवून मोकळं व्हा. प्रत्येक जातीचं आपलं आपलं दुखणं.

खरेदीआधीचं इन्स्पेक्शन विकणाऱ्याच्या मेकॅनिककडून करून घेऊ नका एवढंच हात जोडून सांगतो.

---

जुहूचा_जुना

फार दिवसांनी लिहितोय. वय झालं, आता मुलाकडे न्यू जर्सीत असतो. एरोन्काचं नाव निघालं म्हणून राहवलं नाही. आम्ही मुंबईत शिकलो ते पुष्पकवर. एचएएलचं, १९५८ला पहिल्यांदा उडालं, ते मूळ एरोन्का चीफवरूनच बेतलेलं होतं, दोघं शेजारी शेजारी बसायचे, ९० हॉर्सपॉवरचं काँटिनेंटल. एचएएलच्या डिझाइनचे प्रमुख डॉ. विष्णु माधव घाटगे, कोल्हापूर जिल्ह्यातले, गॉटिंगेनला प्रांट्लकडे शिकून आलेले. देशभरातल्या फ्लाइंग क्लबांतून शेदीडशे पुष्पक होती. पुष्पकचं ग्रॉस वजन किती माहित्ये? १३५० पौंड. म्हणजे तुमच्या त्या जुन्या नियमात तीस पौंडांनी हुकलं असतं!

---

टेलड्रॅगर

काका, कमाल आहे. आणि एरोन्काचंच सुपर चीफ ११सीसी पण १३५०चं, ते पण त्याच तीस पौंडांनी बाहेर होतं, साधं चीफ ११एसी १२५०, ते आत. अर्थात पुष्पकला अमेरिकेत टाइप सर्टिफिकेटच (त्या मॉडेलची सरकारी मंजुरी) नाही, त्यामुळे इकडे आणलं तरी वेगळेच कागद करावे लागतील. पण लिहीत जा हो, असं ऐकायला मिळत नाही.

---

मिरजेची_सून

काका पुष्पकवर वेगळा धागा काढा प्लीज 🙏

---

नवशिक्या_एच१बी

मी पण शिकायचं म्हणतोय पण एच१बीवर आहे, ग्रीन कार्ड नाही. स्पोर्ट पायलट करता येतं का? आणि ते लायसन्स भारतात चालेल का?

---

मोकळं_आभाळ

करता येतं. नागरिक नसलेल्यांना ट्रेनिंग सुरू करायच्या आधी टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची) मंजुरी लागते, बोटांचे ठसे वगैरे, ग्रीन कार्डवाल्यांना पण लागते. ती आल्याशिवाय इन्स्ट्रक्टर शिकवायला सुरवात करणार नाही. किमान २० तास ट्रेनिंग, प्रायव्हेटला ४०, पण २० मध्ये फार थोडे जण होतात, त्या आकड्यावर बजेट बांधू नका. भारतात नाही चालणार, स्पोर्ट पायलटचं लायसन्स आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या) मापात बसणारं नाही. भारतात उडवायचं मनात असेल तर सरळ प्रायव्हेटच करा, थोडे तास जास्त जातील पण परत परत खर्च नाही.

---

गणितमास्तर

एक शंका टेलड्रॅगर यांना. हा ५९चा आकडा जुन्या विमानांचा शोधायचा कुठे? माझ्या मित्राच्या १७२च्या पुस्तकात ताशी मैलांत लिहिलंय.

---

टेलड्रॅगर

हो, तिथेच गोंधळ होतो. एक म्हणजे मैल की नॉट ते बघा, जुन्या सेसनांची पुस्तकं मैलांत आहेत. जुन्या १७२ला फ्लॅप वर असताना ५७ मैल लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण ५० नॉट, काही प्रश्न नाही. दुसरं म्हणजे इंडिकेटेड की कॅलिब्रेटेड. स्टॉलच्या जवळ नाक इतकं वर असतं की पिटो ट्यूबला (वेग मोजणाऱ्या नळीला) हवा तिरकी लागते आणि काट्यावर खऱ्यापेक्षा बराच कमी वेग दिसतो. डायलवरच्या हिरव्या पट्ट्याचं खालचं टोक बघून "बसतंय" म्हणू नका, पुस्तकातला कॅलिब्रेटेडचा तक्ता बघा. तिसरं म्हणजे तो आकडा पूर्ण ग्रॉस वजनाचा आणि बॅलन्स सगळ्यात वाईट असतानाचा लागतो. "मी एकटाच उडणार, हलकं असेल, मग स्टॉल कमी" हे चालत नाही. कब, चॅम्प, एरकूप यांना हा हिशोब करायचीच गरज नाही. जड सिंगल इंजिनवाल्यांनी मात्र कागद समोर ठेवून बघायचं, एकाच नावाच्या विमानात वर्षागणिक ग्रॉस बदललंय आणि त्याबरोबर स्टॉल पण.

---

ओहायोकर

सगळ्यांचे आभार. आम्ही तिघांनी बसून असं ठरवलंय. एक, ओक्लाहोमा सिटीतल्या एफएए रजिस्ट्रीकडून या विमानाची सगळी फाइल मागवली आहे, म्हणजे १४०० कधी झालं, कुठल्या फॉर्म ३३७ने (मोठ्या बदलाची नोंद करायचा एफएएचा फॉर्म) झालं, आणि परत १२६० करताना नीट कागद झाले की नुसती पेनने नोंद, ते कळेल. दोन, लाइट स्पोर्ट म्हणून जास्तीचे पैसे देणार नाही हे विकणाऱ्याला सांगितलं. त्याने फोन ठेवला, मग रात्री स्वतःच परत केला, थोडं खाली आलाय. तीन, दुसऱ्या काउंटीतला एक आयए मिळालाय, तो स्पार बघणार.

एक प्रश्न राहिला. आम्हाला १४००च पाहिजे असेल तर परत डीच्या स्पेसिफिकेशनवर नेता येईल ना? आता एलिजिबिलिटी जायची भीती तर नाही.

---

पाना_नंबर_१३

नेता येतं, पण आयएला फाइल दाखवल्याशिवाय नाही. एकदा वर, एकदा खाली झालेलं विमान आहे, आत्ता त्याच्या एलिव्हेटरचे स्टॉप नक्की कुठल्या मापावर आहेत ते आधी कोन मोजून बघायचं. कागद सीचा आणि स्टॉप डीचे असं मी पाहिलेलं आहे. पंखांवर कापड आहे की पत्रा? कापड असेल तर त्याची पंच टेस्ट (कापड किती मजबूत राहिलंय ते दाबून बघायची चाचणी) पण त्याच दिवशी करून घ्या, नवीन कापड चढवायचा खर्च निघाला तर किंमतीची बोलणी परत पहिल्यापासून करावी लागतील.

---

ओहायोकर

कापड. शनिवारी जातोय, फोटो टाकतो.